फाळका आधी खाली

थंडी सुरू झाली की अमेरिकेच्या उत्तरेकडची निवृत्त मंडळी आपापली चाकांवरची घरं घेऊन टेक्सासच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदे व्हॅलीत उतरतात. इथे त्यांना ‘विंटर टेक्सन’ म्हणतात. आम्हीही हिवाळ्यात तिकडे जातो. घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “अगं, एवढं मोठं घर ट्रकला जोडता तरी कसं?”

आमचं घर फिफ्थ व्हील जातीचं आहे. साधा ट्रेलर ट्रकच्या मागे, बंपरच्या खाली अडकवतात. फिफ्थ व्हीलचा पुढचा भाग मात्र थेट पिकअपच्या हौद्यावर येतो. हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, ‘हिच’ म्हणजे ट्रेलर पकडणारी जोडणी बसवलेली असते. ट्रेलरच्या नाकाखाली 2 इंच जाडीची पोलादी खुंटी असते, ती किंगपिन. हिचचा जबडा तिला पकडतो. न्हावाशेव्याहून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलर याच तत्त्वावर जोडलेले असतात. पण त्यांच्या पुढच्या गाडीला ना हौदा असतो, ना मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागे खाली पडणारं दार. पिकअपला फाळका असतो, आणि किंगपिनला आत यायचं असो वा बाहेर पडायचं असो, वाट नेमकी त्याच्यावरूनच जाते. म्हणून दोन्ही वेळा तो खाली हवा आणि रस्त्यावर वर हवा.

इतकं सोपं असून फाळके चेपतात, आणि तेही वर्षानुवर्षं गाडी ओढणाऱ्यांचे. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या जागेवर एक वयस्कर जोडपं संध्याकाळी पोहोचलं. काकांनी चाकांना पाचरी लावल्या, ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीला टेकवले, दिव्यांची केबल काढली, जबड्याचा दांडा ओढला. तेवढ्यात कोणीतरी पाण्याच्या नळाबद्दल विचारायला आलं. बोलणं झालं, काका गाडीत बसले आणि पुढे निघाले. आधी एक धप्प आवाज, मागोमाग पत्रा चुरगळल्याचा. फाळका आतून मधोमध फुगून बाहेर आला होता, एका बाजूची कडी तुटली होती आणि हँडलजवळचा कॅमेरा वायरला लोंबकळत होता. आता फाळका म्हणजे नुसता पत्रा राहिलेला नाही. त्यात कॅमेरा असतो, कुलूप असतं, कधी मोटर असते. फोर्डच्या मोठ्या सुपर ड्युटी ट्रकची बॉडी तर 2017 पासून ॲल्युमिनियमची आहे, आणि ते ठोकून सरळ करणं कुठल्याही गॅरेजचं काम नव्हे.

याला विसराळूपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. कामाचा क्रम मध्येच तुटतो, आणि हात पुन्हा सुरू होतात ते एक पायरी पुढून. म्हणून जोडताना किंवा सोडवताना आमच्याशी कोणी बोलायला आलं तर मी स्पष्ट सांगते, “दहा मिनिटं थांबा.” कोणाला वाईट वाटलं तरी चालेल. सोडवताना चाकांना पाचरी लागल्या की लगेच फाळका खाली, बाकी सगळं त्यानंतर. आणि गाडीत बसण्याआधी चालवणाऱ्याने स्वतः मागे जाऊन, खाली पडलेल्या फाळक्याला हात लावून यायचं. दुसऱ्याने “हो, उघडलाय” म्हटलेलं चालत नाही.

आणखी एक खूण फार उपयोगी पडते. जबडा मोकळा व्हावा म्हणून दांडा ओढण्याआधी ट्रक जराशी मागे रेटावी लागते. रिव्हर्स गिअर पडला की कॅमेरा आपोआप चालू होतो. तो फाळक्यातच बसवलेला असेल, तर फाळका खाली असताना पडद्यावर फक्त जमीन दिसते. ट्रेलरचं पोट दिसलं तर फाळका अजून वर आहे, तिथेच थांबायचं. जोडताना मात्र हाच कॅमेरा मोहात पाडतो. चित्र नीट दिसावं म्हणून लोक फाळका वर ठेवूनच मागे येत राहतात. त्यापेक्षा मी खाली उभी राहून हाताने दाखवते.

उंचीचं गणितही फाळक्याशी जोडलेलं आहे. ट्रेलरची पट्टी, म्हणजे किंगपिनभोवतीचा सपाट पोलादी पत्रा, हिचच्या वरच्या पट्टीपेक्षा जराशी खाली हवी, म्हणजे ट्रक मागे येताना ट्रेलरला थोडं उचलून घेते. ती फार वर राहिली तर किंगपिन जबड्याच्या वर बसते. जोडलंय असं वाटतं, पण पकड नसते. मग ट्रक पुढे निघाली की ट्रेलर हौद्याच्या कडांवर आणि फाळक्यावर आदळतो. 12,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 5,400 किलोच्या ट्रेलरचा 15 ते 25 टक्के भार ट्रकवर येतो, तेव्हा काय उरेल ते बघा. म्हणून टॉर्च घेऊन आत वाकून बघायचं. दोन पट्ट्यांमध्ये फट नको, आणि जबडा किंगपिनच्या मागे पूर्ण मिटलेला हवा. त्यानंतर पाय जमिनीवर टेकलेले आणि पाचरी लावलेल्या असतानाच, ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून ट्रकने हलकेच पुढे ओढून बघायचं.

सोडवताना एक फूट पुढे जाऊन थांबायचं, उतरून पाय नीट तोलून आहेत ना आणि कुठली केबल राहिली नाही ना ते पाहायचं. भार उतरला की ट्रकचे पाटे सुटून मागचा भाग वर येतो. म्हणून आधीच पाय थोडे जास्त वाढवून ट्रेलर ट्रकवरून हलका केलेला बरा. जमीन भुसभुशीत असेल तर पायांखाली लाकडी फळ्या हव्यातच.

मधोमध खाचा असलेले खास फाळकेही मिळतात, किंगपिन त्यावरून निघून जाते. काहीजण फाळका काढूनच ठेवतात. आम्ही मूळचाच ठेवलाय, कारण एरवी हौद्यात सामान असतं. पण फाळका कुठलाही असो, हौद्याची कड आणि ट्रेलरचं पोट यांत साधारण सहा इंच मोकळे ठेवा. कॅम्पग्राउंडच्या उतारावरून रस्त्यावर चढताना ट्रक एका दिशेला कलते आणि ट्रेलर दुसऱ्या, तेव्हा ही जागा झपाट्याने कमी होते.