ओली काच

आज दिवसभर पाऊस. लेकीला ॲलिसची गोष्ट वाचून दाखवली आणि ती झोपल्यावर त्या गोष्टीच्या लेखकाबद्दल, लुईस कॅरलबद्दल वाचत बसलो. खरं नाव चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये गणित शिकवायचा. १८५६ साली त्याने कॅमेरा घेतला. तेव्हा फोटो म्हणजे केवढा खटाटोप! काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा. समोरच्याने तोवर हलायचंसुद्धा नाही. चोवीस वर्षं केलं हे त्याने! आणि मधेच, ४ जुलै १८६२ला, नावेत ओळखीच्या तीन बहिणींना रचून सांगितलेली ती ॲलिसची गोष्ट.

मघाशी फोनमधले लेकीचे शेकडो फोटो पाहिले. एकच निवडलाय. उद्या प्रिंट काढून आणतो.