‘आफ्टर यू’ वाचून संपलं

आज जोजो मॉयेसचं ‘आफ्टर यू’ संपवलं आणि मन खट्टू झालंय. २०१२ च्या ‘मी बिफोर यू’वर माझा फार जीव आहे. अपघातानंतर लुळा पडलेला विल आणि त्याला सांभाळायला आलेली, रंगीबेरंगी कपड्यांतली लू. सहा महिन्यांची नोकरी आणि शेवटी स्वित्झर्लंडला जाऊन इच्छामरण घेण्याचा विलचा तो निर्णय. (अपंगत्वाकडे बघण्याच्या दृष्टीवरून त्या पुस्तकावर टीका झाली, ती मला पटते. तरीही लू खरी वाटली होती.)

२०१५ च्या या दुसऱ्या भागात लू विमानतळावरच्या बारमध्ये काम करतेय, कशातच तिचं मन नाही. ही सुरुवात मला पटली. आपलं माणूस गेल्यावर दिवस नुसते ढकलले जातात. लेखिकेने इथे रेंगाळायला हवं होतं. पण लू गच्चीवरून पडते, मग दारात उभी राहते लिली, विलला कधी कळलीच नाही अशी त्याची सोळा वर्षांची मुलगी! पुढे पुस्तक लिलीच्याच भानगडी निस्तरत बसतं आणि लूचं दुःख मागे पडतं. ॲम्ब्युलन्सवरचा सॅम सज्जन आहे, पण दोघांचं प्रेम कधी जमलं ते जाणवतच नाही. विल आणि लू नुसते भांडले तरी दोघं उलगडत जायचे.

मनापासून आवडली ती लूची आई. संसारात आयुष्य गेलेली ही बाई स्त्रीवाद वाचू लागते आणि घर हादरतं. तिच्यावर वेगळी कादंबरी हवी होती.

तिसरा भाग, ‘स्टिल मी’, न्यूयॉर्कमध्ये घडतो. कुणी वाचला असेल तर सांगा, पहिल्या भागातली ती लू त्यात परत भेटते का?