ट्रॅव्हल ट्रेलर भरताना: किती वजन यापेक्षा कुठे वजन

ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) डोलायला लागला की लोक वाऱ्याला नाहीतर शेजारून गेलेल्या ट्रकला दोष देतात. वारा फक्त निमित्त असतो. एक्सलच्या (ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या) मागे जास्त सामान भरलं की हिचवरचा, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरचा, भार घटतो आणि मग साधा झोतही पुरतो.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर हवा. म्हणजे १५०० किलोच्या ट्रेलरला १५० ते २२५ किलो. गाडीची किंवा हिचची मर्यादा त्याहून कमी असेल, तर तीच पाळायची.

समजा याच ट्रेलरच्या हिचवर १६० किलो आहेत. मागच्या बंपरवर, एक्सलपासून ३ मीटरवर, ४० किलोच्या सायकली टांगल्या आणि हिच एक्सलच्या ४ मीटर पुढे आहे. ४० गुणिले ३ भागिले ४, म्हणजे हिचवरून ३० किलो गेले. उरले १३०. झालं, १० टक्क्यांच्या खाली आलात! मग पुढच्या टोकाला वजन ठेवून तोल साधायचा मोह होतो, पण दोन्ही टोकं जड असलेला ट्रेलर एकदा डोलू लागला की लवकर सावरत नाही. जड सामान खाली, जमिनीलगत, एक्सलच्या जरासं पुढे ठेवा आणि पट्ट्यांनी आवळा. वरच्या कपाटांत कपडे, पांघरुणं वगैरे हलक्या वस्तूच.

डावी-उजवी बाजूही सारखी हवी, नाहीतर एकाच बाजूचे टायर तापतात.

पाणी लिटरला एक किलो. टाकी एक्सलच्या मागे असेल तर ती भरल्यावर हिच हलकी होते, पुढे असेल तर रिकामी झाल्यावर. म्हणून ज्या स्थितीत निघणार, त्याच स्थितीत वजन करा.

घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतं. सपाट जागी चाकांना अडण्या लावा. मजबूत फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही एका उंचीला. कपलर (ट्रेलरचं हिचला अडकणारं टोक) नेहमीच्या उंचीवर ठेवून ट्रेलरचा पुढचा जॅक फळीवर टेकवा, विटेपासून १ फूट आणि काट्यापासून २ फुटांवर. काट्याचा आकडा, नुसती फळी असताना दिसलेला आकडा वजा करून, तिप्पट करा. एकूण वजनासाठी मात्र ट्रकचा काटाच गाठावा लागतो.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार वाटून देणारी हिच) गाडीच्या पुढच्या चाकांवर भार परत आणते, मागे जड भरलेला ट्रेलर ती सुधारत नाही. चालत्या गाडीत डोलणं सुरू झालंच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हाताने चालवायचा कंट्रोल असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा.