जुना फोन विकताना: पुसणं सोपं, सोडवणं वेळखाऊ

जुना फोन विकायला काढला तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगत होता, "फॅक्टरी रीसेट मार आणि देऊन टाक." रीसेट, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करणं, मारायचाच असतो, पण सगळ्यात शेवटी. त्याआधीच्या कामात माझी अख्खी सुट्टी गेली, आणि ती सत्कारणी लागली असं मला आजही वाटतं. माझा अँड्रॉइड आणि दादाचा आयफोन असे दोन फोन एकदमच विकायचे होते, त्यामुळे दोन्हीकडचे खाचखळगे एका बैठकीत कळले.

मला सुरुवातीला सगळ्यात जास्त भीती होती ती पुसलेला डेटा कुणीतरी परत काढेल याची. ही भीती निराधार नाही. आपण एखादी फाइल डिलीट करतो तेव्हा फोन फक्त तिची नोंद काढतो. मजकूर तिथेच पडून असतो, दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. म्हणून काही जण सुचवतात की फोन रिकामा करा, मग मोठमोठे व्हिडिओ भरा आणि पुन्हा पुसा. पण फोनमधली मेमरी फ्लॅश प्रकारची असते. तिच्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून तिचा कंट्रोलर (मेमरीचा कारभार बघणारी चिप) प्रत्येक वेळी नव्या ठिकाणी लिहितो, त्यामुळे वरून भरलेला व्हिडिओ नेमका जुन्या फोटोच्या जागीच बसेल याची खात्री देता येत नाही.

खरं संरक्षण मिळतं ते एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात डेटा लिहिण्यामुळे. आयफोनमध्ये ते हार्डवेअरमध्येच आहे, २००९ च्या थ्रीजीएसपासून. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून पुरेशी ताकद असलेल्या नव्या फोनना ते सक्तीचं झालं आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सगळ्याच नव्या फोनना. म्हणजे आपले फोटो मेमरीत कुलूपबंद अवस्थेतच लिहिलेले असतात आणि रीसेट केल्यावर फोन ते कुलूप उघडणारी किल्लीच नष्ट करतो. उरतो तो निरर्थक आकड्यांचा ढीग. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने साठवण साधनं पुसण्याबद्दलच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तिकेतही किल्ली नष्ट करण्याची ही पद्धत मान्य केली आहे. आयफोन इतक्या चटकन कसा पुसला जातो याचं उत्तरही हेच.

मी सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या पानावर जाऊन फोन एन्क्रिप्टेड असल्याची नोंद बघितली आणि तो विषय तिथेच संपवला. पुसून देणारी वेगळी ॲप्स घ्यायची गरज पडली नाही, आणि माझ्या मते अलीकडच्या कुठल्याच फोनला पडू नये. फोन फारच जुना असेल तर मात्र आधी सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन सुरू करावं, ते पूर्ण होऊ द्यावं आणि मगच रीसेट करावा.

मग वेळ कशात गेला? फोनमध्ये काय आहे यापेक्षा फोन कशाकशाला जोडलेला आहे, हे शोधण्यात.

आधी मी फक्त त्या फोनवरच असलेल्या गोष्टी हुडकल्या. गुगल खात्यात सगळं जातं असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. कॉन्टॅक्ट्सच्या यादीत खात्यानुसार फिल्टर लावला तेव्हा बरेच नंबर खात्याऐवजी नुसत्या फोनमध्ये जपलेले दिसले. त्यात दिवंगत आत्याचा नंबर होता, आणि तिचं एक बोलणं व्हॉइस रेकॉर्डरमध्ये होतं. ते रेकॉर्डिंग कुठल्याही बॅकअपमध्ये नव्हतं. रेकॉर्डरचं फोल्डर, डाउनलोड्स, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि सुरक्षित फोल्डर नावाचा जो वेगळा कप्पा असतो तो, या चारही जागा स्वतः उघडून बघायलाच हव्यात. बॅकअप झाला असं फोन सांगतो त्यावर न थांबता मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि त्यातल्या काही फाइल्स उघडून, ऐकून पाहिल्या.

व्हॉट्सॲपसाठी नवा आणि जुना फोन शेजारी ठेवून क्यूआर कोडने चॅट्स हलवल्या. जुन्या फोनवरचं काही पुसण्याआधी नव्या फोनवर खूप मागच्या चॅट्सपर्यंत जाऊन फोटो उघडतात का ते बघितलं. बॅकअपला पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावलेली असेल तर ती आत्ताच हाताशी असायला हवी, नंतर ती कुणाकडे मागता येत नाही.

त्यानंतरचा टप्पा सगळ्यात नाजूक. आपला फोन हा आपल्या ओळखीचा पुरावा झालेला असतो. ईमेलमध्ये नव्या ठिकाणाहून शिरायला गेलं की "हे तुम्हीच का?" असा प्रश्न जुन्या फोनवर येतो. लॉगिनचे दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा अंकी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप जुन्या फोनवर असतं. बँकेचं ॲप त्या फोनशी आणि त्यातल्या सिमशी बांधलेलं असतं. पासवर्डऐवजी पासकी (चेहरा, बोट किंवा पिनने उघडणारी लॉगिनची डिजिटल किल्ली) वापरत असाल तर तीसुद्धा तिथेच असू शकते. हे सगळं नव्या फोनवर नेण्याआधी जुना पुसला तर आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभं राहायची वेळ येते.

मी ऑथेंटिकेटरमधून खाती एक्स्पोर्ट करायचा पर्याय निवडला. जुन्या फोनवर क्यूआर कोड उमटला, तो नव्या फोनने वाचला. मग दोन्ही फोन समोर धरून एकाच खात्याचा कोड दोन्हीकडे सारखाच दिसतो का ते तपासलं. तेवढ्यावरही मी थांबले नाही. प्रत्येक महत्त्वाच्या खात्यातून एकदा बाहेर पडून, जुना फोन बंद ठेवून, फक्त नव्या फोनच्या भरवशावर परत आत गेले. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या लेखी या साऱ्या प्रक्रियेतली सर्वात मोलाची पायरी हीच. गुगल आणि ईमेलचे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खात्यात शिरायला लागणारे राखीव कोड, कागदावर लिहून कपाटात ठेवले ते याच वेळी. बँकेच्या ॲपची नव्या फोनवर नोंदणी झाली, एक लहानसा व्यवहार पार पडला, तेव्हा कुठे जुन्या फोनवरचं ॲप काढलं.

इकडे दादा आपला आयफोन घेऊन कामाला लागला होता. "अगं, फोटो सगळे निवडलेत, उडवून टाकतो. मग रीसेट, झालं काम!"

"दादा, थांब! बोट उचल आधी," मी जवळजवळ ओरडलेच.

कारण त्याचे फोटो आयक्लाउडवर सिंक होत होते. अशा फोनवरून हाताने फोटो डिलीट केले की ते आयक्लाउडवरून जातात आणि त्याच खात्याच्या नव्या फोनवरूनही जातात. "अलीकडे डिलीट केलेले" नावाच्या अल्बममध्ये ते ३० दिवस राहतात, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. कॉन्टॅक्ट्स, नोट्स, कॅलेंडर यांचंही तसंच. विकायच्या फोनवरून हाताने काहीही पुसायचं नाही. खात्यातून बाहेर पडायचं आणि मग फोन एका झटक्यात रिकामा करायचा. दादाने फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "बरं बाई, तू सांगशील तसं."

आता सोडवण्याचा, म्हणजे फोन आपल्या खात्यांपासून मोकळा करण्याचा भाग. चोरीचा फोन चोराच्या कामी येऊ नये म्हणून दोन्हीकडे कुलपं आहेत. ॲपलने २०१३ साली आयओएस ७ बरोबर ॲक्टिव्हेशन लॉक आणलं, अँड्रॉइडमध्ये २०१५ साली ५.१ आवृत्तीत फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन आलं. फोन पुसला तरी तो मालकाच्या खात्याशी बांधलेला राहतो आणि सुरू करताना जुनं खातं मागतो. सोय उत्तमच आहे, पण आपण खातं न काढता फोन विकला तर प्रामाणिक ग्राहकाच्या हाती फक्त एक वीट पडते. पॉवर आणि आवाजाची बटणं दाबून रिकव्हरी मेनूतून रीसेट करणाऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. म्हणून रीसेट नेहमी सेटिंग्जच्या आतून, पिन टाकून करायचा.

मी सेटिंग्जमध्ये खात्यांच्या यादीत जाऊन आधी गुगलची दोन्ही खाती काढली, मग फोन बनवणाऱ्या कंपनीचं वेगळं खातं. हे दुसरं खातं बरेच जण विसरतात. सॅमसंग, शाओमी यांची स्वतःची खाती असतात आणि फोन शोधण्याच्या सोयी त्यांनाही जोडलेल्या असतात. ऑफिसचं ईमेल किंवा वर्क प्रोफाइल (ऑफिसच्या ॲप्सचा वेगळा कप्पा) असेल तर तेही काढायचं, कारण त्याला फोनच्या प्रशासनाचे अधिकार दिलेले असू शकतात. आणि या धांदलीत "आता सुरक्षेसाठी पासवर्डही बदलू" असं करू नये. गुगलचीच सूचना आहे की पासवर्ड रीसेट केला असेल तर फोन पुसण्याआधी २४ तास थांबावं.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, तिथे आत जाऊन शेवटी साइन आउट. ॲपलचा पासवर्ड विचारला जातो आणि फाइंड माय ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद होते. दादाचा मूळ बेत होता की ग्राहकाला बाहेर कुठेतरी भेटायचं आणि त्याच्यासमोरच हे करायचं. मी त्याला घरीच करायला लावलं, आणि त्याला कारण आहे. २०२४ च्या जानेवारीत आयओएस १७.३ मध्ये चोरीपासून संरक्षणाची एक नवी सोय आली. ती चालू असेल आणि फोन नेहमीच्या ठिकाणी नसेल, तर खात्यातून साइन आउट करण्याआधी तो तासभर थांबायला लावतो आणि चेहरा किंवा बोट पुन्हा तपासतो. ग्राहकाला तासभर ताटकळत ठेवणं बरं दिसलं नसतं, आणि व्यवहाराच्या गडबडीत पासवर्ड टाइप करणं मला मुळातच पसंत नाही. दादाचं घड्याळही या फोनला जोडलेलं होतं, ते त्याच्या ॲपमधून रीतसर अनपेअर केलं. आयफोन सोडून अँड्रॉइडकडे जाणाऱ्यांनी आयमेसेज ही ॲपलची संदेशसेवाही बंद करावी, नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे संदेश जुन्या वाटेनेच जात राहतात.

सिम काढलं. मेमरी कार्डही काढलं, कारण ते रीसेटमध्ये पुसलं जाईलच असं नाही. ई-सिमचं, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या, काढता न येणाऱ्या सिमचं, मात्र भान ठेवावं लागतं: ते नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री झाल्यावरच रीसेटच्या वेळी "ई-सिम पुसायचं का" याला हो म्हणायचं. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून घेतला, कारण विक्रीच्या पावतीवर तो हवाच.

मग एकदाचा रीसेट. फोन चार्जरला लावून माझ्याकडे सिस्टीममधल्या रीसेटच्या पानावरून, दादाकडे जनरलमधल्या रीसेटच्या पर्यायातून. स्वागताचा पडदा आला, पण त्यावर विसंबायचं नव्हतं. कुलूप उरलं आहे का हे फोन इंटरनेटला जोडल्यावरच कळतं. दोन्ही फोन वायफायला जोडून मांडणी पुढे नेली. माझ्या फोनने "आधी वापरलेलं खाते टाका" असं न म्हणता कुठल्याही नव्या खात्याची जागा दाखवली. दादाच्या फोनवरही मालकाचं कुलूप असल्याचा संदेश आला नाही. तिथेच थांबून दोन्ही बंद केले.

ग्राहक आला तेव्हा मी त्याला स्वतःचं खातं माझ्यासमोर घालू दिलं आणि ते आत गेल्यावरच पैसे घेतले. त्यालाही दिलासा, मलाही.

त्या संध्याकाळी गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन लॉगिन असलेल्या उपकरणांच्या यादीतून जुना फोन काढला. दादानेही ॲपल खात्याच्या यादीतून त्याचा काढला. फोन आधीच विकून झाला असेल आणि फाइंड माय बंद करायचं राहिलं असेल, तर आयक्लाउडच्या वेबसाइटवरून तो दूरून पुसून खात्यातून काढता येतो. अँड्रॉइडवर दूरून पुसलं तरी कुलूप राहतं आणि ग्राहकाच्या हातातल्या फोनवर आपल्यालाच साइन इन करून द्यावं लागतं.

एक जागा दादाच्या लक्षात आली, माझ्या नाही: गाडी. ब्लूटूथने जोडलेल्या फोनची कॉन्टॅक्ट्स आणि कॉलची यादी गाडीच्या स्क्रीनमध्ये उतरलेली असू शकते. जुन्या फोनची जोडणी तो तिथूनही पुसून आला.