तिला घर सापडले पाहिजे

शनिवार, पोळा झाल्यानंतर

आमची सर्वांत धाकटी बहीण जन्मानंतर आठवडाभरातच नागपूरला दगावली, असे आम्ही चौघे भावंडे आजवर धरून चाललो होतो. ती दगावली नव्हती, मायने तिला तिथल्या एका संस्थेत कागदावर अंगठा देऊन सोपवले होते, हे मायने परवा सांगितले. निमित्त घराच्या व्यवहाराचे होते. पुनर्वसनाच्या गावातले आमचे घर बरीच वर्षे बंद आहे, छपरावरची कवेलू ढासळत आहेत, म्हणून भावाने ते प्लॉटसह विकण्याचा विषय काढला. एरवी अशा गोष्टींत न पडणारी माय ठामपणे म्हणाली, "घर इकू नोका." भावाने कारण विचारले, तेव्हा तिने सगळे सांगून टाकले.

1985 च्या पावसाळ्यात बाबा काविळीने गेले, तेव्हा माय गरोदर होती. जमीन कोरडवाहू, सोसायटीचे कर्ज थकलेले, सावकाराचे वेगळेच, आणि पदरात आम्ही चौघे. मामाने तिला बाळंतपणासाठी नागपूरला नेले आणि परत आणले तेव्हा तिच्यासोबत बाळ नव्हते. दोघांनी वाटेतच ठरवले होते की मूल दगावल्याचे गावात सांगायचे. मामा हे आपल्यासोबत घेऊन गेले. मायने मात्र इतकी वर्षे एकटीने ते सांभाळले, आणि त्या काळात तिने आमच्यापैकी कोणाच्याही शिक्षणात खंड पडू दिला नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

घर का विकायचे नाही, याचे तिचे कारण असे: "मी तिले पाह्यले नाही जाणार. पन ते आली त तिले घर सापडलं पायजे. गाव त पान्यात गेलं."

मी शाळेत आयुष्य घालवलेली बाई आहे आणि कागदपत्रांशी माझा रोजचा संबंध होता, तरी ही गोष्ट मायच्या तोंडून येईपर्यंत माझ्या ध्यानात आली नसती. संस्थेच्या कागदावर मामाने जो पत्ता लिहिला असेल, तो आमच्या जुन्या गावाचा. ते गाव सिंभोऱ्याच्या धरणात गेले. वर्धा नदीवरचे हे अप्पर वर्धा धरण 1993 साली पूर्ण झाले, आणि त्याआधीच आमच्यासारख्या गावांतली माणसे उठून कोणी पुनर्वसनाच्या प्लॉटवर, कोणी मोर्शीला, कोणी वरूड-परतवाड्याकडे पांगली होती. आज अख्खे अमरावती शहर त्या धरणाचे पाणी पिते. बहीण उद्या तो पत्ता घेऊन आली, तर तिला पाण्याच्या काठावर उभे राहावे लागेल, आणि आमचे घराणे कोणत्या दिशेला गेले हे सांगणारा माणूस तिला भेटेलच असे नाही.

मंगळवार

अमरावतीला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन आले. तिथल्या मॅडमने माझे सगळे ऐकून घेतले आणि काही न लपवता सांगितले की मी जे मागायला आले आहे ते देण्याचा अधिकार त्यांना नाही. दत्तक गेलेल्या व्यक्तीने आपल्या जन्माच्या घराचा शोध घेण्याला कार्यालयात सगळे रूट सर्चच म्हणतात. 2022 च्या दत्तक नियमांप्रमाणे त्यासाठी अर्ज ती व्यक्ती स्वतःच करू शकते. अठरा वर्षे पूर्ण झाली असतील तर एकटी, नसतील तर दत्तक आईवडिलांसोबत. तिसऱ्या कोणाला तिच्या वतीने विचारता येत नाही. आम्ही, म्हणजे जिने तिला जन्म दिला ती आई आणि सख्खी भावंडे, नियमाच्या दृष्टीने ते तिसरेच आहोत.

तिथून निघाल्यावर बसस्थानकापर्यंत मला राग आवरत नव्हता. मोर्शीच्या गाडीत बसल्यावर मात्र मी त्याच नियमाकडे तिच्या बाजूने पाहू लागले. ती आता चाळिशीची बाई असेल. तिला आपण दत्तक आहोत हे कदाचित सांगितलेही नसेल. तिचे आईवडील म्हातारे असतील, तिला सासर असेल, मुले असतील. मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले, तर मला एका दिवसात बहीण मिळेल, पण तिच्या घरातला त्या दिवसाआधीचा विश्वास माझ्यामुळे मोडेल आणि तो जोडून देण्याची ताकद माझ्यात नसेल. शोधायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तिलाच असावा, हा नियम मला आज पटला आहे, आणि तो माझ्या विरुद्ध जातो म्हणून मी तो चुकीचा ठरवणार नाही.

कायद्याने तर ती आता आमची कोणी नाही. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली दत्तक झाले असेल, तर दत्तकाच्या दिवसापासून ती त्या घरची लेक, आणि जन्माच्या घराशी असलेले तिचे सगळे संबंध संपलेले. फक्त जन्माच्या घरात ज्या नात्यात तिचे लग्न होऊ शकले नसते, त्या नात्यात ते दत्तकानंतरही होऊ शकत नाही, एवढा रक्ताचा संबंध त्या कायद्यानेही मानला आहे. (याच कायद्याने मुलगी दत्तक घेणे हिंदूंना मोकळे झाले, त्याआधी दत्तक म्हणजे बहुधा मुलगाच.) तिला परदेशी नेले असेल, तर त्या काळच्या रीतीप्रमाणे 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टाकडून पालकत्व घेऊन नेले असेल.

मॅडमने सांगितलेली आणखी एक गोष्ट मी डायरीत जशीच्या तशी उतरवून घेतली. दत्तक गेलेल्या व्यक्तीने अर्ज केला आणि जन्मदाते सापडले नाहीत, किंवा त्यांनी भेटायला नकार दिला, तरी मूल कोणत्या कारणाने आणि कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले, हे तिला सांगितले जाते. म्हणजे फाइलमध्ये जे लिहिले असेल, तेच तिला मिळेल. आमच्या फाइलमध्ये काय आहे? मामाने घाईत सांगितलेले आणि कोणा कारकुनाने लिहून घेतलेले "विधवा, गरीब" एवढेच असावे.

शुक्रवार

मायचे निवेदन लिहून काढायला घेतले. ती सांगते आणि मी लिहिते, पण मी तिच्या बोलण्याला शाळेचे वळण देऊ लागले की ती थांबवते. बाबांच्या आजाराचे, मोर्शीच्या दवाखान्याचे, कर्जाचे सगळे तिने थोडक्यात सांगितले, पण बाळाबद्दल मात्र ती फार सावकाश बोलली. पोर रंगाने सावळी होती, उजव्या कानामागे तीळ होता, आणि दूध व्यवस्थित प्यायची, हे तिने पुन्हा पुन्हा लिहायला लावले. "तिच्यात काई खोट नव्हती म्हनून लिव्ह," असे ती म्हणाली. सोपवलेल्या मुलीला आपल्यातच काही कमी होते असे वाटू नये, ही तिची काळजी आहे, आणि मला वाटते निवेदनातला सर्वांत मोलाचा मजकूर तोच आहे.

आजच्या कायद्यात मूल सोपवल्यानंतर आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. मी हे मायला सांगितले. ती म्हणाली की दोन महिन्यांनी कापूस वेचायला आला असता, पण त्याने बाबा परत आले नसते आणि सावकारही गेला नसता. तिच्या निर्णयाची मी वकिली करणार नाही, आणि त्याची कोणाला क्षमाही मागणार नाही. तिच्यासमोर जे होते ते पाहून तिने ठरवले.

खाली सही कशी करायची यावर अडले. संस्थेच्या कागदावर अंगठा आहे. सही ती नंतर साक्षरता वर्गात शिकली आणि तेव्हापासून तिने कुठेही अंगठा दिलेला नाही, हा तिच्या अभिमानाचा विषय आहे. फोनवर मॅडमला विचारले, तर त्या म्हणाल्या की दोन्ही असू द्या, पूर्वीच्या कागदाशी जुळवता येईल. त्यामुळे मायने आधी सही केली आणि मग शेजारी अंगठा लावला.

आमच्याच जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत, ज्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांच्या कागदांवर बापाच्या जागी त्यांनी स्वतःचे नाव लावले. रेल्वे फलाटावर किंवा कचऱ्यात सापडलेल्या मुलाच्या फाइलमध्ये आईची एक ओळसुद्धा नसते. आमच्या बहिणीच्या फाइलमध्ये ती असू शकते, तर ती तिथे पोहोचवणे हे माझे काम आहे.

सोमवार, नवरात्र

निवेदनाची एक प्रत बाल संरक्षण कक्षाला आणि एक नागपूरच्या त्या संस्थेला दिली, सोबत माझा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि मायचा फोटो. संस्थेतल्या बाईंनी मला फाइल दाखवली नाही, पण पत्र दाखल केल्याची पोच दिली.

भाच्याने पुण्याहून दोन उपाय सुचवले. एक म्हणजे फेसबुकवर तारीख, दवाखाना आणि कानामागचा तीळ देऊन आवाहन करणे. हे मी होऊ देणार नाही, कारण ती खूण वाचून तिच्या आधी तिचे शेजारी तिला ओळखतील. दुसरा उपाय लाळेच्या नमुन्यावरून होणाऱ्या डीएनए चाचणीचा. त्यात तिने स्वतः त्याच ठिकाणी नमुना दिला असेल तरच जुळणी होते, म्हणजे पुढाकार तिचा राहतो. परदेशात वाढलेली दत्तक मुले या वाटेने शोध घेतात असे वाचले आहे. माझा नमुना देण्याची माझी तयारी आहे, मायला मात्र मी त्यात ओढणार नाही.

राहिली गोष्ट पुनर्वसनाच्या गावाची. तिथे मला अजून कोणाला काही विचारता आलेले नाही, कारण गावात विचारणे म्हणजेच सांगणे. "1985 साली माझ्या मायच्या बाळंतपणाचे तुम्हाला काही आठवते का," एवढे मी एका म्हातारीला विचारले, तरी संध्याकाळपर्यंत ते पारावर पोहोचेल, आणि ज्या गोष्टीसाठी मायने आयुष्यभर तोंड मिटून ठेवले ती तिच्या म्हातारपणी चर्चेला येईल. मॅडम कागदाची गुप्तता सांभाळतात, पण गावात ती आम्हालाच सांभाळावी लागेल. त्यामुळे मी ग्रामपंचायतीच्या सचिवांना एवढेच सांगितले की आमच्या घराण्याची चौकशी करत कोणी बाहेरगावचे आले, तर माझा नंबर द्यावा. जुन्या गावातले भाऊबंद अधूनमधून येतात, म्हणून त्यांना त्यात काही वेगळे वाटले नाही.

जुन्या गावाचे नाव घेऊन कोणी ग्रामपंचायतीत आले, तर तिथे पहिल्यांदा नमुना आठची, म्हणजे घरांच्या कर आकारणीची, नोंदवही उघडली जाईल. तीत घरमालक म्हणून बाबांच्या पश्चात मायचे नाव आहे. घर विकले की तिथे खरेदीदाराचे नाव चढेल, आणि बुडालेल्या पत्त्यापासून आमच्यापर्यंत येणारा तेवढा एक दुवाही जाईल.

रविवार

भावाशी बोलणे झाले. त्याची अडचण खरी आहे. यंदा फळगळीमुळे संत्र्याच्या आंबिया बहाराचा भाव हाती लागला नाही आणि लेकाची फी भरायची आहे. "बाई, ते येईलच कायवरून?" असे त्याने विचारले. ती येईल असे मी म्हणू शकत नाही, आणि तसे म्हणालेही नाही. मी त्याला मायचे निवेदन वाचायला दिले. त्याने ते वाचून ठेवून दिले आणि त्याबद्दल काही बोलला नाही, पण घर विकण्याचा विषय मागे घेतला. फीचा अर्धा भार मी उचलायचा असे ठरले. घरपट्टी यापुढे मी भरेन आणि पावती मायच्याच नावाने फाटेल.

माझ्या मुलीला सगळे सांगितले आहे आणि कागदांच्या झेरॉक्स तिच्याकडे दिल्या आहेत, कारण बहीण आलीच तर कदाचित मी नसताना येईल. मुलीला दोन गोष्टी बजावल्या. आपण होऊन मावशीला शोधायला जायचे नाही, आणि मोबाइल क्रमांक बदलला तर अमरावती, नागपूर आणि ग्रामपंचायत या तिन्ही ठिकाणी नवा क्रमांक त्याच आठवड्यात कळवायचा. दिवाळीनंतर भाऊ कवेलू काढून टिनपत्रे टाकणार आहे आणि दारावर बाबांच्या नावाची पाटी लावणार आहे. पाटीवर जुन्या गावाचे नावही घालायला मी त्याला सांगितले आहे.