दिवेघाटातल्या मावशी

आज आईसोबत माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. ३० किलोमीटरच्या वर असेल. मी देव मानत नाही. लोक त्यापायी अख्खं आयुष्य का घालवतात, हा राग कॉलेजपासूनचा.

दिवेघाट चढताना एका मावशींच्या टाचेची भेग उलून रक्त येत होतं. त्यांनी लुगड्याची चिंधी गुंडाळली, डोक्यावरची तुळस सावरली नि निघाल्या. न राहवून विचारलंच, "मावशी, विठोबानं काय दिलं हो?"

"मागितलंय कुठं लेकरा? वरीसभर रानात एकटीच राबते. हितं समदी संगं असत्यात."

नवस-बुवाबाजीच्या धंद्याविरुद्ध मी उद्याही बोलणार. पण या बाईचं आयुष्य वाया गेलं म्हणायला जीभ रेटेना.

आई झोपलीय. तिच्या तळव्यांना खोबरेल चोळतोय.