११२ लेंड्या आणि एक बँड

कोरोना शोधायला लडाखला चाललोय म्हटल्यावर घरचे आधी घाबरले. मी तिथे नेमकं काय करणार ते कळल्यावर मात्र आई पदर तोंडाला लावून हसली. प्राणी पकडायचे नव्हते, रक्त काढायचं नव्हतं. लेंड्या वेचायच्या होत्या.

त्सो मोरिरी तलावाच्या आसपास, साडेचार हजार मीटरवर, मारमॉट राहतात, म्हणजे बिळात राहणाऱ्या मोठ्या, गुबगुबीत खारीच. तिकडे त्यांना फिया म्हणतात. आणि पिका, दिसायला उंदीर पण कुळाने सशाचा भाऊबंद. तिबेटच्या पठारावर चिनी संशोधकांना पिकांमध्ये कोरोनाविषाणू सापडलेले आहेत. तेच पठार पुढे चांगथांग म्हणून आपल्या हद्दीत येतं, तर इकडच्या प्राण्यांत काय आहे ते बघायचं होतं. बरेच कोरोनाविषाणू आतड्यात वाढतात, म्हणून विष्ठा.

अभयारण्यात लेंडी उचलायलाही परवानगी लागते. ती यायला अख्खा हिवाळा गेला. फिया तोवर बिळात झोपलेलेच असतात, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

लेहमध्ये अंग रुळायला चार दिवस काढून वर गेलो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सहा दशांश, त्यात तोंडाला एन-९५. वाकून एक लेंडी चिमट्याने उचलायची, ट्यूबमध्ये टाकायची आणि मग दगडावर बसून धापा टाकायच्या. पिकाच्या लेंड्या काळ्या मिऱ्यांपेक्षाही बारीक. ताजी असली तर ओलसर चकाकते, आणि तीच हवी. तिथलं ऊन असं जाळतं, की उन्हात तापलेल्या लेंडीत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शिल्लक असेल याचा भरवसा नाही. म्हणून पहाटेपासून बिळासमोर पडून राहायचं आणि प्राणी आत गेला की धावायचं. धावायचं म्हणजे चालायचंच.

हा आरएनए फार नाजूक. आपल्या बोटांवरचं विकर (एन्झाइम)सुद्धा त्याचे तुकडे करतं. ट्यूब तिथल्या तिथे द्रवनायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. गावाकडे म्हशीला कृत्रिम रेतनाची कांडी भरायला येणारे डॉक्टर स्कूटरला बांधून आणायचे, तसलाच कॅन. लहानपणी त्यातली वाफ बघायला आम्ही पोरं गोठ्यात गर्दी करायचो. तोच कॅन आता माझ्या मांडीवर, आणि जीप प्रत्येक वळणावर डुचमळत होती.

घोटाळा मी स्वतः केला. ट्यूब बाहेरून निर्जंतुक करताना स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या आणि मार्करने लिहिलेले नंबर बोळ्यावर आले. चौदा ट्यूबांची पाटी कोरी. त्या दिवसापासून पेन्सिलनेच लिहितो, आणि चिठ्ठी ट्यूबच्या आत टाकतो.

प्रयोगशाळेत आरएनए काढला आणि पीसीआर लावला, म्हणजे हवा तो तुकडा असलाच तर त्याच्या असंख्य प्रती करणारी चाचणी. एकाच जातीच्या कोरोनाचा नाही. सगळ्या कोरोनाविषाणूंमध्ये फारसा न बदलणारा, आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराच्या जनुकातला साधारण ४४० अक्षरांचा तुकडा पकडणारा. नवा विषाणू शोधायचा तर असंच मोठं जाळं लागतं. पण जाळं मोठं असलं की नको ते मासेही येतात.

पीसीआरमधले तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारं जेल दिव्याखाली धरलं. एकशे अकरा जागी अंधार. एका ठिकाणी, ४०० आणि ५०० अक्षरांच्या मापाच्या रेघांमध्ये, पुसटशी नारिंगी पट्टी, म्हणजे बँड. माझा घसा कोरडा पडला. ट्यूब बघितली तर ती त्या चौदांपैकीच एक.

सिक्वेन्सिंगचा, म्हणजे त्या तुकड्याची अक्षरं वाचण्याचा, निकाल येईपर्यंतचे नऊ दिवस मी घरी फोन केला नाही. आला तो आतड्यातल्या कुठल्याशा जिवाणूचा तुकडा. मॅडम म्हणाल्या, "कोरोना नाही म्हणून लिहू नकोस. या ११२ मध्ये मिळाला नाही, एवढंच लिही." खरंच आहे; विषाणू काही रोज विष्ठेतून बाहेर पडत नाही.

मग त्या चौदा बेवारशी ट्यूबा मार्गी लावायच्या म्हणून सायटोक्रोम-बी या जनुकावरून प्राणी ओळखला. नऊ फिया, चार पिका. बँडवाली उरली होती. ती निघाली शेळीची. बिळाच्या तोंडाशी पडली होती म्हणून उचलली असणार. चांगपा या भटक्या पशुपालकांचे पश्मिना शेळ्यांचे कळप तिथूनच जातात.

वडिलांना सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आपल्या दावणीला किती शेळ्या होत्या रे?"